समुद्राच्या कैवारी रेचेल कार्सन

जिनें आपली सारी लेखणी समुद्राच्या सेवेला वाहिली, तिला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्राचें दर्शनहि घडलें नव्हतें, ही गोष्ट प्रथम कानीं पडतां खरी वाटत नाहीं. परंतु रेचेल कार्सन ह्यांच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे. त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत, ॲलेघेनी नदीच्या कांठीं वसलेल्या स्प्रिंगडेल नांवाच्या लहानशा गांवीं झाला. पोलादाच्या कारखान्यांचें पिट्सबर्ग शहर तेथून जवळ. अटलांटिक महासागर मात्र शेंकडों मैल दूर.

रेचेल हें नांव म्हणजे आपल्या मराठी शास्त्रांतील राहेल. ह्या राहेलीची आई मराया ही एका प्रेस्बिटेरियन पाळकाची मुलगी. लग्नापूर्वीं ती शिक्षिका होती. परंतु विवाहित स्त्रीनें शाळेंत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असल्यामुळें तिला नोकरी सोडावी लागली. शाळा सुटली, तरी शिकविणें सुटलें नाहीं. घराभोंवतीं कार्सन कुटुंबाची ६५ एकर जमीन होती; तिच्यांतील सफरचंदाच्या बागेंत, रानांत आणि नदीकांठीं ती धाकट्या मुलीला घेऊन हिंडे व पांखरांचीं आणि किड्यांचीं नांवें सांगे. घरांत एखादा किडा शिरला, तर त्याला न मारतां अलगद उचलून बाहेर सोडण्याची तिची रीत होती. रेचेलच्या पुढील आयुष्याचें मूळ मला ह्या घरगुती शाळेंत दिसतें. घरची स्थिति बेताची. मुलीच्या कॉलेजच्या खर्चासाठीं आईनें पियानोच्या शिकवण्या केल्या.

मुलीला प्रथम लेखिका व्हावयाचें होतें. १९१८ सालीं, अकरा वर्षांची असतांना, ‘सेंट निकोलस’ नांवाच्या मुलांच्या मासिकांत तिची पहिली गोष्ट छापून आली. (ह्या वार्षिकासाठीं लेख देऊन तो छापला जातो कीं नाहीं म्हणून वारंवार माझ्या टेबलाशीं घुटमळणाऱ्या मुलामुलींना तिचा आनंद काय असेल हें सांगावयास नको.) १९२५ सालीं ती पिट्सबर्ग येथील स्त्रियांच्या कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकण्यासाठीं दाखल झाली. तेथें मेरी स्किंकर नांवाच्या प्राध्यापिका प्राणिशास्त्र शिकवीत. त्यांच्या वर्गांत बसल्यावर रेचेलला नवेंच जग उघडलें, आणि तिनें आपला मुख्य विषय बदलला. बायकांना विज्ञानांत पोट भरतां येत नाहीं, लेखनाची देणगी वायां घालवूं नकोस, असें अनेकांनीं तिला बजावलें. लेखन आणि विज्ञान एकाच घरांत नांदूं शकतात, हें तोंवर तिलाहि ठाऊक नव्हतें. एका वादळी रात्रीं वसतिगृहाच्या खोलींत टेनिसन कवीची ‘लॉक्सली हॉल’ ही कविता वाचीत असतां तिच्या शेवटच्या ओळीनें मनाला असा कांहीं झटका बसला कीं, आपलें नशीब समुद्राशीं बांधलेलें आहे, ही खूणगांठ तेथेंच पडली, असें त्यांनीं पुढें एका मैत्रिणीला कळविलें. आणि समुद्र तर अजून पाहिलाहि नव्हता!

१९२९ सालीं पदवी मिळाली, आणि त्याच उन्हाळ्यांत मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेंत कांहीं आठवडे काम करण्याची संधि आली. तेथें त्यांनीं प्रथम समुद्र पाहिला. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत १९३२ सालीं प्राणिशास्त्राची एम. ए. पदवी त्यांनीं घेतली. डॉक्टरची पदवी मात्र हातून निसटली. तो काळ मोठ्या मंदीचा होता. घरचीं माणसें त्यांच्या आश्रयाला आलीं होतीं, आणि १९३५ सालीं वडील वारले. पुढें १९३७ सालीं थोरली बहीणहि दोन मुली मागें ठेवून गेली. त्या मुलींना आजीनें आणि मावशीनें वाढविलें. कार्सनबाईंनीं स्वतः लग्न केलें नाहीं, परंतु त्यांचें घर कधीं रिकामें राहिलें नाहीं.

पोटासाठीं त्यांनीं सरकारी मत्स्यखात्याचें एक किरकोळ काम धरलें. रेडिओवर मासे आणि समुद्र ह्यांविषयीं सात-सात मिनिटांचे ५२ कार्यक्रम होणार होते; ते लिहावयाला शास्त्रज्ञांना जमेना, आणि लेखकांना विषय समजेना. कार्सनबाईंना दोन्ही येत होतें. ह्या कामाचें चीज होऊन त्यांना एका पुस्तिकेची प्रस्तावना लिहावयास सांगण्यांत आलें. ती वाचून वरिष्ठ अधिकारी एल्मर हिगिन्स ह्यांनीं ती परत केली. सरकारी कागदाला ती शोभणार नाहीं, इतकी ती चांगली आहे, ती ‘अटलांटिक मंथली’कडे धाडावी, असा त्यांचा सल्ला होता. नापसंतीचा इतका गोड शेरा फार थोड्या कारकुनांच्या वांट्याला येत असेल! १९३६ सालीं सरकारी परीक्षेंत पहिल्या येऊन त्या खात्यांत कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या, आणि तो लेख १९३७ सालीं त्या प्रसिद्ध मासिकांत छापून आला.

त्यांतूनच ‘अंडर द सी-विंड’ हें पहिलें पुस्तक उगवलें. त्याचे नायक तीन: सँडरलिंग नांवाचा चिमुकला किनारपक्षी, मॅकरेल मासा आणि वाम. पैकीं पहिला आपल्या कोंकणच्या वाळूवरहि थंडींत उत्तरेकडून येतो. लाट मागें सरली कीं तिच्या पाठीमागें, पुढें आली कीं तिच्यापुढें काड्यांसारख्या पायांनीं धांवणारे करडे-पांढरे पक्षी किनाऱ्यावरील मुलांनीं पाहिले असतील. दुसरा आपल्या बांगड्याच्या कुळांतला. तिसरी, म्हणजे वाम, तर गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढून अंडीं घालावयासाठीं महासागराच्या खोल अंधाराकडे परत जाते. ह्या प्राण्यांना माणसाप्रमाणें बोलावयास न लावतां, त्यांच्याच डोळ्यांनीं समुद्र दाखविण्याची किमया बाईंनीं केली. पण १९४१ च्या नोव्हेंबरांत पुस्तक निघालें, आणि डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत ओढली गेली. पुढें अनेक वर्षांत त्याच्या दोन हजार प्रतीहि खपल्या नाहींत.

युद्धकाळांत मांसाची टंचाई पडल्यामुळें लोकांनीं अपरिचित मासेहि खावे म्हणून त्यांनीं पुस्तिका लिहिल्या. युद्ध संपल्यावर त्यांना मनाजोगें काम मिळालें. भरतीचें खारें पाणी ज्यांत शिरतें अशीं खाजणें म्हणजे निरुपयोगी पडीक जमीन, भर घालून ती वापरांत आणावी, अशी समजूत तिकडेहि होती. किनाऱ्यावरील खाजणें बुजूं लागलीं, तसे हजारों मैलांचा प्रवास करणारे पक्षी उतरावयाचे कोठें? सरकारनें ह्या पक्ष्यांसाठीं राखलेल्या जागांविषयीं कार्सनबाईंनीं १९४७ पासून एक पुस्तिकामाला चालविली. व्हर्जिनियांतील चिंकोटीग आणि मॅसॅच्युसेट्समधील पार्कर रिव्हर येथील खाजणांचें त्यांत वर्णन आहे. पक्षी, शिंपले, मासे आणि कोळी ह्या सर्वांचा संसार त्याच चिखलावर कसा चालतो, हें त्यांनीं करदात्याला समजेल अशा भाषेंत सांगितलें. हीं त्यांचीं पुस्तकें फारसें कोणी आठवीत नाहीं. मला तीं मोठ्या पुस्तकांच्या खालोखाल वाटतात.

१९४९ सालीं त्या खात्याच्या सर्व प्रकाशनांच्या मुख्य संपादिका झाल्या. त्याच वर्षीं ‘अल्बाट्रॉस ३’ ह्या खात्याच्या संशोधन-नौकेवर त्या जॉर्जेस बँक नांवाच्या मासेमारीच्या क्षेत्रावर गेल्या. त्या नौकेवर तोंवर एकहि स्त्री गेली नव्हती. एकटी बाई पाठवावी कशी, म्हणून अधिकाऱ्यांत चर्चा झाली, आणि शेवटीं सोबतीला दुसरी बाई, त्यांच्या प्रकाशन-प्रतिनिधि मेरी रोडेल, नेऊन हा प्रश्न सुटला.

१९५१ सालीं ‘द सी अराउंड अस’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. पृथ्वीवर समुद्र कसा झाला, त्यांत बेटें कशीं उठतात, प्रवाह कसे वाहतात, चंद्र पाण्याला कसा ओढतो, हें सर्व त्यांत आहे. तरीहि तें कादंबरीसारखें खपलें. न्यूयॉर्क टाइम्सच्या अधिक खपाच्या पुस्तकांच्या यादींत तें ८६ आठवडे राहिलें. १९५२ सालीं त्याला राष्ट्रीय ग्रंथ-पारितोषिक मिळालें, आणि तीसांहून अधिक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं. त्यावरून निघालेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळालें. पण त्यांतील शास्त्रीय चुका पाहून बाईंनीं पुन्हां आपल्या कोणत्याहि पुस्तकाचे चित्रपटाचे हक्क विकले नाहींत! पैसा हातीं येतांच १९५२ सालीं त्यांनीं नोकरी सोडली आणि मेन संस्थानांतील साउथपोर्ट बेटावर, अगदीं खडकाच्या कडेला, एक लहानसें घर बांधलें.

आतां ह्या पुस्तकांतील एका मताकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. कारण पुढील सारी कथा त्यावर अवलंबून आहे. माणसानें जमीन जिंकली, रानें तोडलीं, नद्या अडविल्या. परंतु समुद्राला तो असा कह्यांत आणूं शकत नाहीं, अशा अर्थाचें विधान त्यांनीं १९५१ सालीं केलें होतें. तें त्यांचें मोठें समाधान होतें. माणसाच्या उपद्व्यापाच्या पलीकडे कांहीं तरी उरलें आहे, ह्या विश्वासावर त्या लिहीत आल्या होत्या.

साउथपोर्टच्या घरीं ‘द एज ऑफ द सी’ हें किनाऱ्यावरील जीवांविषयींचें पुस्तक १९५५ सालीं पुरें झालें. ओहोटीच्या वेळीं खडकांच्या डबक्यांतून त्या एखादा जीव बादलींत घालून घरीं आणीत, सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळीत, आणि काम झालें कीं कंदील घेऊन रात्रीं निसरड्या खडकांवरून उतरून जेथून आणला तेथेंच त्याला परत सोडीत. आईची घरांतल्या किड्यांची रीत लेक विसरली नव्हती.

परंतु जग बदललें होतें. १९४६ पासून अमेरिकन सरकार अणुकामाचा किरणोत्सर्गी कचरा पिंपांत भरून किनाऱ्यापलीकडे समुद्रांत टाकीत होतें. समुद्र अफाट, तेथें सर्व कांहीं विरून जाईल, हा त्यामागील हिशेब. बाईंनीं त्याच हिशेबाला हात घातला. प्लवक नांवाचे समुद्रांतील अतिसूक्ष्म जीव पाण्यांतील द्रव्यें शोषून आपल्या शरीरांत सांठवितात. त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. आणि प्लवक व मासे एका जागीं राहत नाहींत. म्हणजे एका ठिकाणीं टाकलेलें विष पातळ होण्याऐवजीं दाट होत होत भलतीकडेच जाऊन पोहोंचूं शकतें. १९६१ सालीं ‘द सी अराउंड अस’ची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां त्यांनीं तिला नवी प्रस्तावना जोडली, आणि समुद्र माणसाच्या आवाक्याबाहेर आहे ही समजूत भोळी ठरली, असें जाहीर करून टाकलें. ज्या पुस्तकानें कीर्ति आणि घर दिलें, त्याच्याच पहिल्या पानांत आपल्या आवडत्या मताची चूक कबूल करावयाची! मी शिक्षक आहें. फळ्यावर चुकलेलें उदाहरण पुसतांना जीव किती कासावीस होतो हें मला ठाऊक आहे, आणि तेथें तर समोर तीस-चाळीसच मुलें असतात.

ह्या सुमारास दुसरें विषहि समुद्राकडे वाहत होतें. डी. डी. टी. ह्या औषधाचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पॉल म्यूलर ह्यांनीं शोधला. महायुद्धांत त्यानें टायफस आणि हिंवतापापासून असंख्य लोकांस वांचविलें, आणि म्यूलर ह्यांना १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांतहि १९५३ पासून हिंवतापाविरुद्ध जी राष्ट्रीय मोहीम निघाली, तिचें मुख्य शस्त्र तेंच होतें. तेव्हां त्याला केवळ विष म्हणून मोकळें होणें अन्यायाचें होईल. परंतु अमेरिकेंत तें विमानांतून शेतांवर, रानांवर आणि खाजणांवर पावसासारखें पडूं लागलें. १९५८ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील डक्सबरी येथील ऑल्गा हकिन्स ह्या बाईंचें पत्र कार्सनबाईंना आलें. डांसांसाठीं केलेल्या फवाऱ्यानंतर त्यांच्या अंगणांत पांखरें मरून पडलीं होतीं. दुसऱ्या कोणीं तरी ह्यावर लिहावें म्हणून बाईंनीं प्रयत्न केला. शेवटीं तें काम त्यांच्याच अंगावर आलें.

चार वर्षें त्या पुरावे गोळा करीत होत्या. फ्लोरिडांतील सेंट लूसी परगण्यांत चावऱ्या माश्यांच्या अळ्या मारण्यासाठीं सुमारें २,००० एकर खाजणावर डिल्ड्रिन हें औषध शिंपण्यांत आलें होतें. अळ्यांबरोबर २० ते ३० टन मासे मेले. संख्येनें ते दहा लाखांच्या वर होते, आणि त्या खाजणांतील खेकड्यांचाहि जवळ जवळ निःपात झाला. कॅनडांतील मिरामिची नदींत समुद्रांतून सामन मासे अंडीं घालण्यास येतात. १९५४ सालीं वरच्या रानावर डी. डी. टी. पडलें, आणि त्यांचीं पिल्लें कांठांशीं मरून पडलीं. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर चार्ल्स ब्रोली नांवाचे निवृत्त बँक-अधिकारी गरुडांच्या पिल्लांच्या पायांत कडीं अडकवीत. पूर्वीं हजाराहून अधिक पिल्लांना त्यांनीं कडीं घातलीं होतीं. १९५८ सालीं शंभर मैल हिंडल्यावर त्यांना एक पिल्लूं दिसलें. हे सर्व पुरावे ‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे ‘मुका वसंत’, ह्या पुस्तकांत एकत्र आले. २७ सप्टेंबर १९६२ रोजीं तें प्रसिद्ध झालें. आफ्रिकेंतील लांबारेने येथें मिशन दवाखाना चालविणारे डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर ह्यांना तें अर्पण केलेलें आहे.

हें पुस्तक कोणत्या अवस्थेंत लिहिलें गेलें, तें वाचकांस कळूं दिलें नव्हतें. १९५७ सालीं भाची वारली आणि तिचा पांच वर्षांचा मुलगा बाईंनीं पोटाशीं धरला. १९५८ च्या डिसेंबरांत आई गेली. १९६० सालीं स्वतःला छातीचा कर्करोग असल्याचें निघालें. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, संधिवातानें गुडघे धरले, मधून मधून दृष्टीनेंहि दगा दिला. रोगाची बातमी फुटली तर विरोधक म्हणतील कीं, आजारी बाईनें रागानें लिहिलें, म्हणून मित्रांना त्यांनीं मौनाची शपथ घातली.

विरोधक स्वस्थ नव्हतेच. औषधांच्या कारखानदारांनीं खटल्याच्या धमक्या दिल्या, पुस्तकाच्या टवाळीचीं पत्रकें वांटलीं. ही बाई भावनाविवश, ही कम्युनिस्ट, हिला मूलबाळ नाहीं, असेंहि म्हणण्यांत आलें. सर्व औषधें बंद करून देश किड्यांच्या हवालीं करावा असें त्यांचें म्हणणें आहे, हा आरोप तर आजवर ऐकूं येतो, आणि तो खोटा आहे. औषध मुळींच वापरूं नये असें त्यांनीं लिहिलेलें नाहीं. परिणाम न जाणतां, लोकांना न विचारतां, सरसकट शिंपूं नये, एवढेंच लिहिलें. अति शिंपल्यानें डांसच त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि हिंवतापाविरुद्धचें शस्त्र बोथट होतें, हेंहि त्यांनींच बजावलें. राष्ट्राध्यक्ष केनेडींनीं नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीनें मे १९६३ मध्यें जो अहवाल दिला, तो बहुतांशीं त्यांच्या बाजूचा होता. ४ जून १९६३ रोजीं सिनेटच्या समितीपुढें त्यांनीं साक्ष दिली. त्या वेळीं त्यांना चालणेंहि कठीण होतें. केस गळल्यामुळें टोप घातला होता. साक्ष शांतपणें झाली. ऑक्टोबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील व्याख्यानांत त्यांनीं समुद्रांत टाकल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी कचऱ्याचा प्रश्न पुन्हां मांडला. १४ एप्रिल १९६४ रोजीं मेरीलंड संस्थानांतील सिल्व्हर स्प्रिंग येथें, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्या वारल्या.

पुढें जें घडलें तें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. डी. डी. टी. मुळें पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होतात, हें १९६७ नंतर उलगडलें. कॅलिफोर्नियाजवळच्या आनाकापा बेटावर, जेथील समुद्रांत एका कारखान्याचें डी. डी. टी. मिश्रित सांडपाणी जात होतें, तेथें चोचीखालीं झोळी असणाऱ्या तपकिरी पेलिकन पक्ष्यांनीं १९७० सालीं ५०० हून अधिक घरटीं केलीं. आईच्या वजनानेंच अंडीं फुटलीं, आणि पिल्लूं जगलें एक. १९७२ सालीं अमेरिकेंत शेतीसाठीं डी. डी. टी. बंद झालें. त्याच वर्षीं समुद्रांत कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा आणि देवमासे, सील इत्यादि सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा, असे दोन कायदे तेथें झाले. लंडन येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून समुद्रांत कचरा टाकण्यासंबंधीं करारहि केला. त्या कराराखालीं किरणोत्सर्गी कचरा समुद्रांत टाकण्यास पूर्ण बंदी येण्यास मात्र १९९३ साल उजाडावें लागलें. धोक्यांतील प्राण्यांच्या अमेरिकन यादींतून पांढऱ्या डोक्याचा गरुड २००७ सालीं आणि तपकिरी पेलिकन २००९ सालीं काढण्यांत आला, कारण दोघांचीहि संख्या पुन्हां वाढली होती.

बाईंच्या रक्षेचा कांहीं भाग आईच्या थडग्याशेजारीं पुरला आहे. उरलेला त्यांची शेजारीण व जिवलग मैत्रीण डोरोथी फ्रीमन ह्यांनीं साउथपोर्टच्या खडकांवर नेऊन विखुरला. त्याच मेन संस्थानाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९६६ सालीं पक्ष्यांसाठीं राखलेल्या खाजणांना पुढें रेचेल कार्सन ह्यांचें नांव देण्यांत आलें. भरतीचें पाणी दिवसांतून दोन वेळां त्यांत चढतें, आणि हिंवाळ्यापूर्वीं दक्षिणेकडे निघालेले किनारपक्षी तेथें चरावयास उतरतात.